कुक्षीला उशिरा पोचलेला सेन्सर

धार जिल्ह्याची दोन टोकं एकमेकांना फारशी ओळखत नाहीत. पूर्वेचं टोक पिथमपूर. इंदूरला खेटून असलेल्या या गावाभोवती १९८०च्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिथे गाड्याच गाड्या बनू लागल्या. नैर्ऋत्येचं टोक कुक्षी. पवारांच्या धार संस्थानातलं हे नेमाडातलं गाव. कापूस आणि मिरचीचा व्यापार, वरच्या अंगाला बाग गावाकडचे डोंगर, खालच्या अंगाला नर्मदा, नदीपलीकडे बडवानी आणि तिथून खेतियामार्गे शहाद्याला उतरणारा रस्ता. गावात रेल्वे नाही. माणूस असो, माल असो, वऱ्हाड असो की अत्यवस्थ रुग्ण, सगळ्यांची भिस्त टायरांवर.

मोटारीच्या सायलेन्सरमध्ये बसणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरची गोष्ट कुक्षीच्या बाजूने सांगण्याचं कारण हेच. जर्मनीत तयार होऊन १९७६ साली बाजारात आलेला हा अंगठ्याएवढा भाग मुंबई-दिल्लीला पोचायला वीसेक वर्षं लागली, आणि कुक्षीसारख्या तालुक्याच्या गावात घरोघरी पोचायला त्यापुढची आणखी वीस. तो दुकानदारांच्या मागणीने आला नाही, गिऱ्हाइकाच्या हौसेने तर नाहीच. त्याच्या पुढे पुढे पेट्रोल चाललं आणि पेट्रोलच्या पुढे कायदा. त्या दोघांनी जिथे मुक्काम केला, तिथे सेन्सरही थांबला.

त्याआधी हे काम कानाने चालत असे.

अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी आणि पेट्रोल जीप यांच्या काळात ‘ट्यूनिंग’ हा गॅरेजचा मानाचा धंदा होता. इंजिन चालू ठेवून मिस्त्री कार्बोरेटरवर ओणवा व्हायचा. मिक्श्चरचा स्क्रू आत फिरवत न्यायचा, इंजिन अडखळलं की तिथून अर्धा-पाऊण फेरा बाहेर. आवाज सलग झाला की हात थांबायचा. मग स्लोचा स्क्रू, मग एक चक्कर, मग प्लग काढून त्याचं टोक उन्हात धरून बघायचं. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं पडलं असेल तर कमी, आणि फिकट तपकिरी असेल तर मिस्त्री काही न बोलता प्लग परत बसवायचा. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून वास घेणारेही होते. या मंडळींना रसायनशास्त्र येत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, हा आकडा त्यांनी कधी ऐकला नसेल, पण त्यांचा कान त्या आकड्याच्या आसपास येऊन थांबायचा.

अडचण अशी की सेटिंग एकदाच व्हायचं आणि गाडी मात्र सगळ्या ऋतूंत पळायची. नेमाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या विरळ, तापलेल्या हवेत बरोबर बसवलेलं मिक्श्चर डिसेंबरच्या पहाटे चुकीचं ठरायचं. एअर फिल्टरमध्ये धूळ साठली की पुन्हा बदल. घाट चढताना एक गरज, उतरताना दुसरी. कान कितीही तयार असला तरी तो गाडीसोबत घाटात जात नाही.

गाडीसोबत जाणारा कान कुठून आला, याचं मूळ गॅरेजात नाही, एका दिव्यात आहे. वॉल्थर नर्न्स्ट हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. दोन ठिकाणी एखाद्या पदार्थाचं प्रमाण वेगवेगळं असेल तर त्या फरकातून किती व्होल्टेज निर्माण होईल, याचं समीकरण त्याने १८८९मध्ये मांडलं. पुढे १८९०च्या दशकाच्या अखेरीस त्याने झिर्कोनियाच्या कांडीचा दिवा बनवला आणि त्याचे हक्क जर्मनीतल्या एईजी कंपनीला विकून चांगले पैसे मिळवले. झिर्कोनिया ही खरं तर चिनीमातीच्या जातीची भाजलेली वस्तू. थंड असताना तिच्यातून वीज जात नाही. लालभडक तापली की जाते, आणि ती वाहून नेणारे असतात ऑक्सिजनचे भारित कण, म्हणजे आयन. म्हणून नर्न्स्टचा दिवा लावण्याआधी गरम करावा लागे. पुढे आलेल्या टंगस्टनच्या तारेच्या दिव्यांपुढे तो टिकला नाही. नर्न्स्टला स्वतःला मोटारींचा भारी नाद होता. आपलं समीकरण आणि आपल्या दिव्याची माती एकत्र येऊन एक दिवस जगातल्या जवळजवळ प्रत्येक पेट्रोल मोटारीत बसणार आहे, हे मात्र त्याला कळण्याचं कारण नव्हतं.

ते जुळून आलं लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो डोळे झोंबवणारा थर तयार होतो, हे १९५०च्या दशकात संशोधक आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं आणि कॅलिफोर्नियाने गाड्यांमागे कायद्यांचा ससेमिरा लावला. १९७०च्या दशकात एंगलहार्ड कंपनीत कार्ल कीथ आणि जॉन मूनी यांच्या चमूने असा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तयार केला, जो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्हींचा एकाच डब्यात निकाल लावी. फक्त त्याची एक अट होती. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण त्या १४.७च्या अगदी निकट राहिलं पाहिजे. जरा इकडे झालं तर नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, जरा तिकडे झालं तर मोनॉक्साइड. एवढी काटेकोर नजर सतत ठेवायला धुरातच काहीतरी बसवणं भाग होतं.

स्पार्क प्लगची चिनीमाती बनवण्यात हयात गेलेल्या बॉश कंपनीने ते केलं. झिर्कोनियाची टोपणासारखी पोकळ नळी, तिच्या आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ, सच्छिद्र लेप. बाहेरच्या बाजूला धूर, आतल्या बाजूला बाहेरची साधी हवा. धुरात ऑक्सिजन उरलेला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त पडलं असेल, तर व्होल्टेज ०.८-०.९पर्यंत चढतं. ऑक्सिजन शिल्लक असेल तर ०.१च्या आसपास घसरतं. नेमक्या मध्यावर, ०.४५ व्होल्टपाशी, ही उडी अगदी एकदम पडते. इंजिनाचा कॉम्प्युटर ती बघून पेट्रोल किंचित कमी करतो, मग किंचित वाढवतो, मग पुन्हा कमी, आणि इंजिन चालू आहे तोवर हे थांबत नाही. १९७६मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठीच्या व्होल्वो गाड्यांत हा सेन्सर पहिल्यांदा बसला. जुना दोष होताच: साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. म्हणून १९८२मध्ये बॉशने त्याच्या पोटात हीटर घातला. दिव्याला लागणारी आच सेन्सरलाही द्यावी लागली. एका तारेच्या सेन्सरला तीन-चार तारा फुटल्या त्या यामुळे.

भारतात मात्र त्याच्या वाटेत शिसं उभं होतं.

इंजिन ठोकू नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळण्याची चाल १९२०च्या दशकातली. आपल्याकडे लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर या दोघांच्याही प्लॅटिनमवर शिशाचा थर बसतो आणि दोघेही निकामी होतात, त्यामुळे शिसं जाईपर्यंत इथे सेन्सर आणण्यात अर्थ नव्हता. जून १९९४मध्ये चार महानगरांत शिशाचं प्रमाण लिटरला ०.१५ ग्रॅमवर आलं. १ एप्रिल १९९५पासून तिथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. बाकी देशाला १ फेब्रुवारी २०००पर्यंत थांबावं लागलं. मधल्या पाच वर्षांत देशात दोन पेट्रोलं होती म्हणा ना. मुंबईत कन्व्हर्टरसह घेतलेली नवी कोरी मोटार आग्रा रोडने खलघाटपर्यंत येऊन डावीकडे मनावर-कुक्षीकडे वळली आणि वाटेत मिळेल ते पेट्रोल भरून परत गेली, तर तिच्या पोटातला महागडा डबा गपचूप बाद होणार. मालकाला पत्ताही लागायचा नाही, कारण गाडी धावायला त्या डब्याची गरजच नव्हती.

गाड्यांच्या धुराच्या नियमांमागे मराठी माणसाचा हात मोठा आहे, आणि तो पुण्यातून आला. कोथरूडच्या टेकडीवरची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, म्हणजे एआरएआय, १९६६ची. गाडीचा धूर मोजायचा तर ती रस्त्यावर न नेता प्रयोगशाळेत रोलरवर एका ठरावीक तालात पळवावी लागते: एवढे सेकंद थांबा, एवढे सेकंद वेग घ्या, एवढे सेकंद एकसारखं चाला. भारतीय शहरांतल्या रहदारीचा असा ताल १९८०च्या दशकात एआरएआयने बसवला. त्याचं एक आवर्तन १०८ सेकंदांचं, कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. जपमाळेचा आकडा योगायोगाने आला असावा, पण रहदारीतल्या माणसाच्या तोंडी त्या वेळी देवाचं नाव असतंच. १९९१मध्ये पेट्रोल गाड्यांसाठी पहिले निकष लागू झाले, ते याच तालावर. कुक्षीचा रस्ता त्या मोजमापात कुठेच नव्हता. घाट नव्हता, आठवडी बाजाराच्या दिवसाची वीस माणसांनी भरलेली जीप नव्हती.

पुढचा मोठा टप्पा शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांचा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९मध्ये दिल्ली परिसरासाठी ‘युरो’ या धूर-निकषांची घाई केल्यावर, प्रत्येक शहराचा निर्णय कोर्टात होऊ नये म्हणून केंद्र सरकारने सप्टेंबर २००१मध्ये माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणाची तज्ज्ञ समिती नेमली. समितीचा अंतिम अहवाल ऑगस्ट २००२मध्ये आला. कोणत्या वर्षी कोणत्या शहरात कोणता निकष, याची वेळापत्रकवार मांडणी त्यात होती. आधी मोठी शहरं, मग देश. देशभराच्या रिफायनऱ्यांना गंधक काढायची यंत्रं बसवायला हजारो कोटी लागणार होते, तेव्हा टप्पे अटळच होते. तरीही त्या यादीकडे कुक्षीतून पाहिलं की गंमत वाटते. युरोच्या धर्तीवर आखलेल्या भारतीय निकषांचा चौथा टप्पा म्हणजे भारत स्टेज ४. एप्रिल २०१०मध्ये तो ज्या १३ शहरांत आणि दिल्ली परिसरात आला, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर होतं, जमशेदपूर होतं, आग्रा होतं, इंदूर नव्हतं. अख्ख्या मध्य प्रदेशातलं एकही शहर नव्हतं. सोलापूरकराने घेतलेली मोटार भारत स्टेज ४ची, आणि त्याच वर्षी ‘एमपी-११’ पाटी लावून धारच्या शोरूमबाहेर पडणारी तीच मोटार एक पायरी खालची. सोलापूरच्या पेट्रोलमध्ये गंधक दहा लाखांत ५० भाग, धारच्या पेट्रोलमध्ये १५०.

पिथमपूरचं काय? तिथे १९८०च्या दशकातच आयशरने मित्सुबिशीच्या मदतीने ट्रक बनवायला घेतले होते. फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर तिथली, बटण दाबून चालू होणारी, म्हणून त्या काळी अप्रूपाची. हिंदुस्तान मोटर्सने इसुझूच्या सहकार्याने तिथे इंजिनं आणि गिअरबॉक्स बनवले. जुन्या अ‍ॅम्बॅसेडरला तरुण करू पाहणारं १.८ लिटरचं इंजिन त्याच खात्यातलं. बजाज टेम्पो, म्हणजे आताची फोर्स मोटर्स, तिचाही कारखाना तिथेच. जिल्ह्याचं एक टोक इंजिनं घडवत होतं आणि दुसऱ्या टोकाला त्यातलं जे पोचत होतं, ते बहुतेक डिझेल. बाग, टांडा, अलीराजपूर, कुक्षी या पट्ट्यात फोर्सची ट्रॅक्स तूफान म्हणजे सार्वजनिक वाहतूक. गुजरातेत मजुरीला जाणारी कुटुंबं, पोती, कोंबड्या, टपावरची मुलं, सगळं तिच्यात. जुन्या तूफानमध्ये झिर्कोनियाचा सेन्सर कधी नव्हताच. त्या डिझेल इंजिनाला त्याची गरज नव्हती. त्यामुळे कुक्षीच्या गॅरेजांना बरीच वर्षं सेन्सर भेटला तो फक्त मारुतीमध्ये, आणि तोही बहुधा कोणीतरी बाहेरून आणलेल्या जुन्या गाडीत.

अशा जुन्या गाडीची तक्रार ठरलेली. अ‍ॅव्हरेज पडलंय, पिकअप नाही, सिग्नलला थांबली की धडधडते, मीटरवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलंय. इथे कानाची परंपरा पहिल्यांदा उघडी पडली. स्क्रू फिरवायला कार्बोरेटरच नाही. स्कॅनर लावला तर तो पी ०१७१, पी ०१३५, पी ०४२० असे आकडे सांगणार, आणि नवशिका मेकॅनिक आकड्यापुढचं ‘ऑक्सिजन सेन्सर’ वाचून पार्ट मागवणार. निम्मा घोटाळा इथेच होतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ आहे; त्याचं कारण फाटका व्हॅक्यूम पाइप असू शकतं, तुंबलेला इंजेक्टर असू शकतं, दमलेला पंप असू शकतं. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला तडा गेला असेल तर प्रत्येक ठोक्यागणिक बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन इमानदारीने नोंदवतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, गाडी पेट्रोल पिते आणि दोष सेन्सरला. पी ०४२० तर कन्व्हर्टर थकल्याची बातमी आहे, आणली आहे मागच्या सेन्सरने. गाडीचे दोष गाडीनेच नोंदवण्याची ओबीडी-२ पद्धत आल्यावर कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर झाले. पुढचा इंधन सांभाळतो, मागचा कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो. मागच्याने बातमी दिली म्हणून त्यालाच बदलायचं, हा प्रकार देशभर चालतो. पी ०१३५ मात्र खरोखर सेन्सरच्या अंगाचा, हीटरचा दोष. मीटरने हीटरच्या दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजला आणि तो अनंत दाखवला, तर आत तुटलंय. पुढे वाद नाही. आणि फ्यूज बघायचा राहिला असेल तर तो आधी.

काढलेला सेन्सर पुष्कळ बोलतो, जुन्या प्लगसारखाच. जाळीच्या टोकावर कोरडी काजळी असेल तर मिश्रण फार दाट चाललंय. तेलकट, तपकिरी थर असेल तर पिस्टन रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील तेल गाळतंय. पांढरी, पिठासारखी भुकटी दिसली तर दोन संशयित: हेड गॅस्केटमधून झिरपणारं कूलंट, किंवा ऑइल चेंबर बसवताना कोणीतरी सढळ हाताने लावलेला सिलिकॉनचा सीलंट. त्याची वाफ इंजिनात जाते, जळते, आणि झिर्कोनियावर काचेचा लेप चढतो. असा सेन्सर पेट्रोलमध्ये बुडवून किंवा तारेच्या ब्रशने घासून परत बसवण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती चालत नाही. काजळी तर तापलेला सेन्सर आपणच जाळून टाकतो, आणि काच ब्रशने निघत नाही. निघतो तो प्लॅटिनम. शिवाय नव्याला तेच भोगायला लागणार असेल तर आधी गळती बंद करायला हवी.

बदलण्याचं काम तसं अर्ध्या तासाचं. सेन्सरचा आटा बहुतेक गाड्यांत १८ मिलीमीटरचा, नटावर २२चा पाना लागतो, आणि तार बाहेर काढता यावी म्हणून बाजूला फट असलेला बॉक्स पाना. गाडी कोमट असताना तो सुटतो. थंड लोखंडात जाम, तापलेल्यात आटा सोलला जाण्याची धास्ती. नव्या सेन्सरच्या आट्यावर अँटी-सीझ लावतात. बऱ्याच कंपन्यांच्या सेन्सरला ते आधीच लावलेलं येतं, आणि ते टोकाला लागता कामा नये. पण खरी मेख तारेत आहे. सेन्सरला आतल्या बाजूने जी शुद्ध हवा तुलनेसाठी लागते, ती पुष्कळ सेन्सरमध्ये तारेच्या बारीक धाग्यांमधल्या फटींतून आत जाते. म्हणून दुसऱ्या गाडीचा स्वस्तातला सेन्सर आणून, तारा कापून, सोल्डरिंगचा डाग देऊन वर टेप गुंडाळली, की डागाने ती फट बंद होते. जोडणी पक्की, वीज व्यवस्थित, आणि सेन्सर गुदमरलेला. कनेक्टरमध्ये ग्रीस भरणाऱ्यांचीही हीच गत. जुगाडाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या देशात या एका गोष्टीपुढे जुगाड हरतो, हे सांगायला थोडा आनंद होतो.

वय? हीटर नसलेला जुना सेन्सर ५० ते ८० हजार किलोमीटर टिकतो, हीटरवाला दीड लाखाच्या पुढेही जातो. तो एकदम मरत नाही, आळशी होतो. सेकंदाला एखादी उडी मारणारा दोन-तीन सेकंदांनी मारू लागतो, दिवा पेटत नाही, फक्त पेट्रोलचा खर्च वाढत राहतो. पीयूसीच्या केंद्रावर मात्र तो पकडला जाऊ शकतो. भारत स्टेज ४ आणि पुढच्या पेट्रोल मोटारींना न्यूट्रलमध्ये, इंजिन मंद चालू असताना मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत हवा, आणि इंजिन २,५०० फेऱ्यांवर नेल्यावर ०.२च्या आत. आधीच्या पिढ्यांच्या मोटारींना यापेक्षा सूट आहे. सर्वांत जुन्यांना तब्बल ३ टक्के. कानाने ट्यून केलेली उत्तम पद्मिनी आजच्या पट्टीवर दहापट नापास होईल.

पेट्रोलच्या भेसळीची गोष्ट इथे टाळता येत नाही, कारण ती आग्रा रोडच्याच आसपास सर्वांत भयानक रूपात घडली. रेशनचं रॉकेल स्वस्त, पेट्रोल-डिझेल महाग, आणि मधल्या फरकावर पोसलेल्या टोळ्या. २५ जानेवारी २०११ला मनमाडजवळ पानेवाडीच्या तेल डेपोच्या परिसरात भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. कुक्षीचं इंधन कुठल्या डेपोतून येतं हा वेगळा प्रश्न, पण त्या काळात महामार्गावर टाकी भरणाऱ्या प्रत्येकाला शंका यायची. जड रॉकेल पुरतं जळत नाही, काजळी धरतं, गंधक जास्त आणतं. कार्बोरेटरच्या गाडीत त्याची खूण धूर आणि ठोका. सेन्सरच्या गाडीत कॉम्प्युटर काही काळ सावरून घेतो आणि मग एक दिवस सगळंच बिघडतं. रॉकेलचं अनुदान पुढे आटत गेलं, तशी ही शंकाही कमी झाली.

मग आलं २०१७. १ एप्रिलपासून देशभर भारत स्टेज ४ लागू होणार हे ठरलेलं होतं, पण कंपन्यांना वाटत होतं की आधी बनवलेला माल नंतरही विकता येईल. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग बंद केला. देशभर आठ लाखांच्या वर भारत स्टेज ३ वाहनं पडून होती, त्यांत बहुतांश दुचाकी. ३० आणि ३१ मार्च हे दोन दिवस शोरूमांनी जत्रेसारखे काढले. किमती हजारोंनी पाडल्या, रात्री उशिरापर्यंत पावत्या फाडल्या. मध्य प्रदेश तोवर स्टेज ३वरच होता. त्या दोन दिवसांत स्वस्तात घेतलेल्या कार्बोरेटरच्या मोटारसायकली अजून नेमाडात फिरताना दिसतात आणि त्यांचे मालक स्वतःला हुशार समजतात. तसे ते आहेतच.

कुक्षीत सेन्सर खऱ्या अर्थाने वस्तीला आला तो त्यानंतर तीन वर्षांनी, आणि मोटारीतून नाही. भारत स्टेज ६ १ एप्रिल २०२०ला लागू झालं तेव्हा देश टाळेबंदीत होता, रस्ते ओस, शोरूम बंद. बाजार उघडला तेव्हा हीरोची स्प्लेंडरही इंजेक्शनवाली झालेली. तिच्या सायलेन्सरच्या वाकाजवळ एक बुटका सेन्सर आणि त्यातून निघणारी तार. शेतावर दूध आणायला, खतं आणायला, शाळेत मुलं सोडायला जी मोटारसायकल वापरली जाते, तिच्यात नर्न्स्टची माती येऊन बसली. मोटारीचा सेन्सर तालुक्याला बाहेरून आलेला पाहुणा होता. हा मात्र एकेका घराच्या अंगणात उभा राहिला. आणि चिखलात, नाल्यात, ट्रॅक्टरमागच्या धुळीत फिरणाऱ्या मोटारसायकलीवर त्याचे हाल मोटारीपेक्षा जास्त. तापलेल्या सेन्सरवर गार पाणी उडालं की चिनीमाती तडकते. धुलाई केंद्रावर नुकत्या आलेल्या गाडीच्या सायलेन्सरवर प्रेशरचा पाइप धरणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही.

जिल्ह्याच्या पूर्व टोकालाही याच सुमारास मोठं काही घडलं. पिथमपूरजवळ नॅट्रॅक्स या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २९ जून २०२१ला त्या वेळचे अवजड उद्योग मंत्री प्रकाश जावडेकर यांनी खुला केला. एक हजार एकरांची जागा, चार पदरी लंबवर्तुळ, वळणांना एवढा उतार की ताशी २५० किलोमीटर वेगातही स्टिअरिंगला हात लावावा लागू नये. आशियातला सर्वांत लांब असा ट्रॅक. ज्या जिल्ह्याच्या रस्त्यांना १०८ सेकंदांच्या मोजमापात जागा मिळाली नव्हती, तिथेच आता देशाच्या गाड्या तपासायला येतात. कुक्षीहून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, पण पत्त्यावर जिल्हा एकच.

पेट्रोल मात्र पुन्हा बदललं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचं आणि देशभरातल्या धान्याचं इथेनॉल मिसळत मिसळत २०२५मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर आलं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. निव्वळ इथेनॉलला किलोमागे नऊ किलोच्या आसपास, आणि २० टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. १४.७चा जुना आकडा पंपावरूनच गेला. सेन्सरवाल्या गाडीला त्याचं फारसं काही वाटत नाही. धुरात ऑक्सिजन उरलेला दिसला की कॉम्प्युटर इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो, संपलं. अ‍ॅव्हरेज थोडं घटतं, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी. मार्च २०१७च्या त्या स्वस्त मोटारसायकलींचं दुखणं वेगळं: त्यांच्या कार्बोरेटरला काही कळत नाही, त्यांचं मिश्रण पातळ होऊन बसतं, सकाळी चोक जास्त वेळ ओढावा लागतो. तिथे मिक्श्चरचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढणारा जुना मिस्त्री पुन्हा उपयोगी पडतो.

दुचाकींसाठी ओबीडी-२बी हा पुढचा टप्पा १ एप्रिल २०२५ला लागू झाला. आता मोटारसायकलीनेही आपल्या कन्व्हर्टरची तब्येत स्वतः तपासत राहायची आहे. तालुक्याच्या गॅरेजात दुचाकीचा स्कॅनर हा यापुढे स्पॅनर सेटइतकाच गरजेचा होणार, आणि तो आणला तरी पी ०४२०चा अर्थ लावायला वेगळं डोकं लागणार. इंदूरहून येणाऱ्या पार्टच्या खोक्यावर बॉश, डेन्सो किंवा एनटीके असं छापलेलं असतं; आतला माल अस्सल आहे का, हे सध्या तरी दुकानदाराच्या शब्दावर चालतं.